छातींत कळ येते तेव्हां

दुखण्यास नांव देण्याची घाई आमच्या घरांतून फार. दिवाणखान्यांत बसलेल्या वडील माणसानें छातीवर हात ठेवला, कीं ‘वायु धरला असेल’ असा निकाल स्वयंपाकघरांतून बाहेर येतो, आणि निकालामागोमाग ओवा, हिंगाष्टक नाहीं तर आल्याचा रस येतो. यांतील एकहि पदार्थ वाईट नव्हे. वाईट तो त्यांत जाणारा वेळ.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या पाडव्यास आमच्याच घरीं हें घडलें. फराळ आटोपून आमचे थोरले काका, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, उठले आणि ‘छातीवर पाटा ठेवल्यासारखें वाटतें’ एवढें बोलून पुन्हां बसले. काकूंनीं चकल्यांवर ठपका ठेवून ओवा दिला. गरम पाण्याची पिशवी आम्हींच आणून दिली. सणाच्या दिवशीं डॉक्टरांना त्रास कशाला, असें अण्णा म्हणाले, आणि वडिलांचा शब्द मोडावा कसा, म्हणून आम्ही गप्प बसलों. दोन तासांनीं धाकट्या सुनेचें लक्ष त्यांच्या सदऱ्याकडे गेलें. सकाळच्या गारव्यांत तो घामानें चिंब झाला होता. तिनें कोणास न विचारतां रुग्णवाहिका बोलाविली. अण्णा वांचले, परंतु हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला, व माडीवरच्या आपल्या पुस्तकांपर्यंत त्यांना आतां जातां येत नाहीं.

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिणींत गुठळी अडकली, कीं पुढचा स्नायु मरूं लागतो, आणि जितका उशीर तितका तो अधिक मरतो. छातीच्या मध्यभागीं दाब, तो हातांत, जबड्यांत, पाठींत किंवा पोटाच्या वरच्या भागीं पसरणें, गार घाम, धाप, मळमळ, हीं त्याचीं चिन्हें. स्त्रियांत व मधुमेही माणसांत पुष्कळदां कळ येतच नाहीं. नुसता थकवा व धाप असते. ‘आईला जरा थकल्यासारखें झालें आहे’ हें वाक्य म्हणूनच आम्हांस ‘वायु’इतकेंच भीतिदायक वाटतें.

अशा वेळीं रोग्यास पाठीशीं लोड देऊन बसवावें, चालवूं नये, जिना तर मुळींच उतरवूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ११२ हा सर्व देशाचा क्रमांक आहे. ॲस्पिरिन सोसत नसल्याचें किंवा रक्तस्राव होत असल्याचें ठाऊक नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्यास द्यावी. जिभेखालची गोळी मात्र त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांनीं त्यालाच लिहून दिलेली असेल तरच. शेजारच्या काकांच्या डबीतली नको.

रोगी हांकेस ओ देत नाहीं व श्वासहि नीट घेत नाहीं, असें दिसल्यास हृदय थांबलें असें धरून चालावें. अधूनमधून घोरल्यासारखा येणारा आचका म्हणजे श्वास नव्हे; येथें पुष्कळ जण फसतात. त्याला जमिनीवर उताणा निजवून छातीच्या मधोमध तळहाताची टांच ठेवावी, तीवर दुसरा हात ठेवून मिनिटास १०० ते १२० या गतीनें ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावें, आणि प्रत्येक वेळीं छाती पुरती वर येऊं द्यावी. तोंडांत पाणी घालूं नये, मग तें गंगेचें कां असेना. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, आणि येथें एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग होतो: एकानें दाबावें, दुसऱ्यानें पाळी घेण्यास तयार राहावें, तिसऱ्यानें फाटकाशीं उभें राहावें.

तोंड वांकडें होणें, एक हात गळणें, बोबडी वळणें हा मात्र मेंदूचा झटका. त्यांत ॲस्पिरिन देऊं नये, कारण तो रक्तस्रावहि असूं शकतो. माणूस शेवटचा धडधाकट केव्हां दिसला ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि रुग्णालयांत पहिला प्रश्न त्या वेळेचाच होतो.

आमच्या घरीं आतां देवघराच्या दारामागें एक कागद लावला आहे. प्रत्येकाचें नांव, वय, चालू औषधें, न सोसणारीं औषधें आणि ते दोन क्रमांक त्यावर आहेत. अक्षर अण्णांचें आहे. खालीं त्यांनीं आणखी एक ओळ जोडली आहे: ‘मी नको म्हटलें तरी बोलवा.’