हिवाळ्यात समुद्रकाठची पायपीट आणि पक्ष्यांचे छायाचित्रण

कृष्णाकाठी थंडी पडली, की ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे फिरू लागतात आणि पाटाच्या ओलीवर शेपूट हलवीत परीट चालताना दिसतो. हे हिवाळी पाहुणे आपल्या ओळखीचे आहेत. त्याच सुमारास उत्तरेकडून आलेले त्यांचे सोबती समुद्रकाठी उतरलेले असतात. ते पाहण्यासाठी विश्रामबागहून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा या मार्गाने एका दिवसात रत्नागिरी गाठता येते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्याकडे पती-पत्नीने मिळून दोन दिवस बाहेर पडायचे ते लग्नकार्याला, नाही तर देवदर्शनाला. रब्बीची खुरपणी आटोपली असेल आणि धारा काढायला घरात कोणी असेल, तर या हिवाळ्यात उभयतांनी ही पायपीट जरूर करावी. द्राक्ष बागायतदारांना या दिवसांत बाग सोडवत नाही, हे आम्ही जाणतो; त्यांनी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सवड मिळेल तेव्हा जावे.

चालण्यासाठी रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा सोयीचा आहे. उत्तरेस काजळी नदीची खाडी, दक्षिणेस झरी विनायकाचे देऊळ आणि मध्ये सुरूच्या बनालगत सरळ वाळूची पट्टी. १९५५ साली सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र येथेच आहे. नारळाची ‘प्रताप’ ही जात व नारळात मसाला पिके घेण्याची ‘लाखीबाग’ या केंद्राने शेतकऱ्यांपर्यंत नेली. दुपारी उन्हाच्या वेळी ते पाहून घ्यावे.

निघण्यापूर्वी पंचांग पाहावे. दिवसातून साधारण दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी होते. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. चतुर्थीला दुपारी ३ वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. द्वितीया ते पंचमी, पक्ष कोणताही असो, या तिथी सकाळच्या चालीला उत्तम. पाणी हटत असताना निघावे व चढू लागताच परतावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते. त्या वेळी खडकांच्या टोकापलीकडे किंवा खाडीच्या मुखाशी गेल्यास परतीची वाट पाण्याखाली जाऊ शकते. स्थानिक कोळी बांधवांना विचारल्याशिवाय तसे धाडस करू नये.

सकाळच आणखी एका कारणाने चांगली. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे पाहिले, की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यावर समोरून उजेड पडतो. दुपारनंतर तोच पक्षी काळी सावली होऊन दिसतो. थोडा झूम असलेला साधा कॅमेरा पुरतो. फक्त मोबाईल असेल, तर तो दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून धरावा. थोड्या सरावाने बरे चित्र मिळते. खारा वारा व वाळू यंत्राला बाधतात, म्हणून मुक्कामी परतल्यावर कॅमेरा किंचित ओल्या फडक्याने पुसून ठेवावा.

ओल्या वाळूवर लाटेमागे पळणारे बारीक पक्षी म्हणजे टिलवे व चिखल्ये. छोटा टिलवा वजनाने जेमतेम २० ते ३० ग्रॅम, आणि त्याचे घर उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात. पांढरे-राखी कुरव थव्याने बसलेले दिसतील. काळ्या डोक्याचा व तपकिरी डोक्याचा अशा दोन जाती सोबत असतात. पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होऊन कानाजवळ फक्त काळा ठिपका उरतो. त्यामुळे उडतानाचे पंखाचे टोक टिपावे. काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील, तर तो सहसा तिबेटच्या पठाराकडून आलेला तपकिरी डोक्याचा कुरव समजावा. उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे दिसले, तर ते समुद्री गरुडाचे असू शकते. त्याच्या विणीचा हाच काळ असल्याने जवळ जाऊ नये.

उडते चित्र मिळावे म्हणून थव्यावर धावून जाणारे किंवा खडे मारणारे लोक आढळतात. हे गैर आहे. या पक्ष्यांना खायला ओहोटीचे काही तासच मिळतात, आणि मार्च-एप्रिलच्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. वैरणीला तोंड लावलेल्या बैलाला दर पाच मिनिटांनी दाव्याला ओढले, तर तो कामाला उभा राहील का? पक्ष्याच्या रोखाने सरळ चालू नये. तिरके चालावे, वाळूवर बसावे आणि थांबावे. बहुतेक वेळा पक्षी आपणहून जवळ येतो.

जोडीने जाण्याचा खरा उपयोग येथे होतो. एकाने कॅमेरा धरावा, दुसऱ्याने वही: वेळ, तिथी, जागा, अंदाजे संख्या आणि पक्षी काय करीत होता. दुसऱ्या दिवशी कामे बदलावीत. आमच्या घरी वहीवाल्याच्या नोंदी कॅमेरेवालीच्या चित्रांपेक्षा जास्त चुकल्या, हे येथे कबूल केलेले बरे.

हीच वही घरी आल्यावर शेतावर न्यावी. द्राक्षाच्या ओळीत परीट दिसला, म्हणजे तो घडासाठी आला असे नाही. तो जमिनीवरचे किडे टिपतो. हरभऱ्यात आपण पक्षीथांबे लावतो ते कोतवालासारख्या पक्ष्यांनी घाटेअळी वेचावी म्हणूनच. भोरडी मात्र दाणे भरलेल्या ज्वारीचे नुकसान करते, यात शंका नाही. तरीही चीनच्या शिंजियांग प्रांतात हीच भोरडी उन्हाळ्यात वीण करते, आणि ती टोळ खाते म्हणून १९८० च्या दशकापासून तेथे तिच्यासाठी दगडांचे ढीग व घरटी मुद्दाम उभारली गेली. तेव्हा कोणता पक्षी, कोणत्या वेळी, पिकाच्या कोणत्या अवस्थेत येतो व चोचीत काय असते, हे चित्रासह नोंदवावे. राखण किंवा जाळी हवी, तर ती त्या नोंदीवरून आणि नेमक्या तेवढ्याच दिवसांसाठी करावी. विषारी दाणे कधीही टाकू नयेत. ते भोरडी मारतात, तसे परीट आणि कोतवालही मारतात.