निवडुंगाचं पिल्लू कसं धराल?

ठाणे-कल्याण पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्यामुळे नवी रोपं करायची ती ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, फेब्रुवारीपर्यंत.

सर्वांत सोपी पिल्लं. मॅमिलेरिया, एकिनॉप्सिस यांच्या बुडाशी ती येतात; वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरून हलकेच पिळलं की सुटतात. फड्या निवडुंगाचं ‘पान’ (ते खरं तर खोड) सांध्यावर कापा. पुढचं काम अवघड, म्हणजे काहीच न करण्याचं. जखम सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. लहान पिल्लाला चार-पाच दिवस पुरतात, जाड फाट्याला दोन-तीन आठवडे. कापलेली बाजू नखाला बुचासारखी कडक लागली की मगच लावा. निम्मी धुतलेली जाड रेती किंवा परलाइट, बाकी चाळलेली माती. नुसत्या कोकोपीटमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत बूड कुजतं. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

लाल-पिवळ्या ‘मून कॅक्टस’चं पिल्लू मातीत जगत नाही. त्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणून ड्रॅगनफ्रूटच्या तिधारी खोडावर कलम करावं लागतं. कापल्यावर पांढरा चीक आला, तर ते झाड बहुधा युफोर्बिया असतं. तो चीक डोळ्यांपासून जपा.

पहिल्या सरीआधी बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या आत, उजेडाच्या खिडकीशी घ्या. शेजाऱ्यांनी पाणी घालायचा आग्रह धरला तरी नाही म्हणा.