चित्रांची गाळणी : मुळातच लावलेली की वाचकाने लावलेली?

प्रस्तुत लेखात आंतरजालावरील संवेदनशील चित्रे गाळण्याच्या दोन पद्धतींचा विचार केला आहे. पहिल्या पद्धतीत फिल्टर मुळातच सुरू असतो. चित्र पाहू इच्छिणाऱ्याने तो बंद करावयाचा असतो. दुसरीत सर्व चित्रे दिसतात. ज्याला ती नको असतील त्याने फिल्टर लावून घ्यावयाचा असतो. तांत्रिकदृष्ट्या हा फरक एका कळीचा आहे. परंतु बहुतेक वापरकर्ते मूळ मांडणीला हातच लावत नाहीत. त्यामुळे पहिल्या पद्धतीत निर्णय वाचकाचा न राहता यंत्रणा घडविणाऱ्याचा होतो.

मे २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने दुसऱ्या प्रकारची सोय करण्याचे सुचविले. ऑगस्टमध्ये मतदान झाले, बराच वाद झाला आणि २०१२ मध्ये मंडळाने आपली सूचना मागे घेतली. निवड वाचकाची म्हटली तरी चित्रांची वर्गवारी आधी कोणीतरी करावीच लागते, आणि ‘आक्षेपार्ह’ अशी चिठ्ठी लावणे हाच एक निवाडा आहे, असा विरोधकांचा मुद्दा होता. तो रास्त वाटतो.

आपल्याकडील उदाहरण घ्यावे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात जिचा शोध घेतला, ती देवता मस्तकाच्या जागी कमळ आणि विलग मांड्या अशा रूपात घडविली जाते. तेर येथेही अशा मूर्ती मिळाल्या आहेत. नग्नता हुडकणाऱ्या यंत्राला ही पूज्य मातृदेवता आहे हे कसे उमगावे? २०२३ मध्ये गूगलने लैंगिक व हिंसक चित्रे अस्पष्ट दाखविणे हीच मूळ मांडणी केली. तेथे चित्र आहे एवढे तरी कळते. महाविद्यालयाच्या जोडणीवर बसविलेला फिल्टर मात्र कित्येकदा पानच उघडू देत नाही.

उलटपक्षी, पुणे जिल्ह्यात ज्या चित्रांनी प्रत्यक्ष भडका उडाला ती अशा यंत्राच्या दृष्टीने निरुपद्रवी होती. २०१४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली छायाचित्रे फेसबुकवर आल्यानंतर दंगली उसळल्या आणि २ जून रोजी हडपसर येथे एका तरुण संगणक अभियंत्याची हत्या झाली. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. अशा प्रसंगी चित्र कोणी पाहिले हा प्रश्न गौण ठरतो. ते अस्तित्वात आहे ही वार्ताच पुरते. वाचकाचा डोळा झाकणारी कोणतीही गाळणी, ऐच्छिक असो वा मुळातली, येथे निरुपयोगी आहे. तेथे प्रश्न कायद्याचा व शांतता राखण्याचा असतो, आणि तो ग्रंथालयाच्या संगणकावर सोडविता येत नाही.

मुळशी तालुक्यात एकीकडे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, तर दुसरीकडे आंतरजाल प्रथम मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेले खोऱ्यातील विद्यार्थी. त्यांच्या महाविद्यालयांत सज्ञान विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक पद्धतच योग्य ठरेल. मूळ फिल्टर लावणे भागच पडले, तर काय अडविले आहे याची यादी ग्रंथालयात लावावी, आणि अडलेले पान त्याच दिवशी खुले करण्याचा अधिकार विषयशिक्षकाकडे असावा.