चाकातला दिवा

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. प्रत्येकाच्या जनित्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने चुंबक फिरतो आणि भोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज उभी राहते. जुन्या सायकलच्या टायरला घासत गुरगुरणाऱ्या डायनमोतही नेमकं हेच घडतं, फक्त तिथे निघते जेमतेम ३ वॉट. म्हणजे कोराडीचा एक संच म्हणजे २२ कोटी डायनमो!

आणि तरीही याच केंद्रात रात्रपाळीला निघालेला सायकलवाला बाजूने पाहिला, तर अंधारात अंधार. पुढचा दिवा पुढच्याला दिसतो, मागचा लाल दिवा मागच्याला. आडव्या रस्त्याने येणाऱ्या ट्रकवाल्याचं काय? स्पोकमधले रिफ्लेक्टर चमकतात खरे, पण ट्रकचा झोत त्यांच्यावर पडल्यावर. चौकात अनेकदा तोवर सायकल ट्रकसमोर आलेली असते. चाकातच, स्पोकला बसवलेला दिवा मात्र कुणाच्या झोताची वाट पाहत नाही.

तो दिसतो कसा, हे मात्र थक्क करणारं आहे. दिवाळीत फुलबाजी गरगर फिरवली की हवेत आगीचं कडं उमटतं. असं कडं आपल्या पूर्वजांनीही निरखलं होतं. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकेतलं एक अख्खं प्रकरण या अलातचक्राच्या, म्हणजे फिरत्या कोलिताच्या कड्याच्या, दृष्टान्तावरून ओळखलं जातं. १७६५ मध्ये फ्रान्सच्या द'आर्सी यांनी पेटता कोळसा फिरवून ते मोजलं. उजेडाचा ठसा डोळ्यात सुमारे ०.१३ सेकंद टिकतो, असं त्यांना आढळलं. (कोळशावर जगणाऱ्या कोराडीला हा प्रयोग आवडायला हरकत नाही.) आता हिशेब करा. ताशी १५ किलोमीटरने जाणारं मोठं सायकलचं चाक तेवढ्या वेळात साधारण पाव फेरा घेतं. म्हणून एका दिव्याची कमान दिसते आणि सारख्या अंतरावर चार दिवे लावले की जवळजवळ पूर्ण कडं.

खरी जादू याच्या पुढची. टायर जमिनीला जिथे टेकतो, तो बिंदू त्या क्षणी चक्क थांबलेला असतो; आणि चाकाच्या माथ्यावरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने, म्हणजे ताशी ३० किलोमीटरने पळत असतो. त्यामुळे अंधारात चाकाच्या कडेला एकच दिवा असेल, तर तो कमानींमागून कमानी टाकत उड्या मारताना दिसतो. मग आसाजवळ दुसरा दिवा लावा. कमानी नाहीशा होतात, मेंदूला थेट गडगडत जाणारं चाक दिसू लागतं! जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांनी १९२९ मध्ये हे मांडलं. दोन ठिपक्यांवरून डोळ्याला अख्खं वाहन ओळखता येतं. स्थिर दिव्याला हे जमत नाही. तो दुकानाचा असेल, खांबाचा असेल. फिरणारा ठिपका मात्र चाकाचाच.

माझं मत विचाराल, तर पैसे आधी पुढच्या-मागच्या दिव्यांवर खर्च करा. चाकातले दिवे त्यांच्या बदली नाहीत, जोडीला आहेत. दोन्ही चाकांत एकेक दिवा कडेजवळ, एकेक आसाजवळ बसवा, स्पोकला घट्ट आवळा आणि त्यांच्यावरची धूळ-चिखल अधूनमधून पुसा. मग अंधार पडल्यावर कुणाला तरी ती सायकल समोरून आडवी चालवायला सांगा आणि तुम्ही लांब उभं राहून पाहा.