वैमानिक व्हायचे आहे? आधी डॉक्टर, मग फी

गेल्या महिन्यात बारावीतल्या एका मुलाचे वडील भेटायला आले. मुलाला पायलट व्हायचे आहे, एका संस्थेचे माहितीपत्रक हातात होते आणि प्लॉट विकायची बोलणीही सुरू झाली होती. मी विचारले, "मेडिकल झाली का?" ते म्हणाले, "ती ॲडमिशननंतर होईल ना!" इथेच बरेच पालक चुकतात, म्हणून हा लेख.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हे लायसन्स देते. त्याकरिता आधी क्लास टू आणि नंतर क्लास वन वैद्यकीय तपासणीत पास व्हावे लागते. चष्मा असला तर बिघडत नाही, पण रंगांधळेपण किंवा हृदयाचा दोष निघाला तर सगळेच अडते. तपासणीला काही हजार रुपये लागतात, प्रशिक्षणाला चाळीस-पन्नास लाख किंवा त्याहूनही अधिक. आधी काय करायचे ते यातच आले.

व्यावसायिक लायसन्सला वय १८ पूर्ण आणि किमान २०० तास उड्डाण लागते. शिवाय नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान नियम, तांत्रिक विषय यांचे लेखी पेपर आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. पेपरात ७० टक्के हवेत. आपल्या शाळेत ३५ वर समाधान मानणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे!

आता संस्था कशी निवडायची? सरकारी म्हणावी अशी रायबरेलीजवळ फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षा होते, म्हणून गणित आणि भौतिकशास्त्र पक्के हवे. गोंदियाला राष्ट्रीय संस्था आहे, बारामती व धुळ्यालाही शिकवतात. आपल्या इंदूरला फ्लाइंग क्लब आहेच. नाव मोठे की लहान, यापेक्षा एकच हिशेब करा. महिन्याला २० तास उड्डाण मिळाले तर २०० तास दहा महिन्यांत होतात. सहाच तास मिळाले तर पावणेतीन वर्षे जातात आणि तेवढे दिवस हॉस्टेलचा खर्चही चालूच राहतो. म्हणून तिथे स्वतः जाऊन पाहा. किती विमाने खरोखर उडण्याजोगी आहेत, किती हँगरमध्ये दुरुस्तीला पडली आहेत, एका प्रशिक्षकामागे मुले किती? हे ऑफिसात विचारू नका, कॅन्टीनमध्ये बसलेल्या जुन्या मुलांना विचारा. पावसाळा आणि उत्तरेचे धुके यात किती दिवस वाया जातात तेही तेच सांगतील. डीजीसीएने २०२५ पासून अशा संस्थांची श्रेणी जाहीर करणे सुरू केले आहे, ती यादी बघावी. फी हप्त्याने, झालेल्या तासांप्रमाणे द्यावी. एकरकमी मागणाऱ्यापासून मी तरी दूर राहीन.

अमेरिका, दक्षिण आफ्रिका येथे तास लवकर भरतात. पण परतल्यावर ते लायसन्स भारतीय करून घ्यावे लागते आणि त्याकरिता डीजीसीएचे पेपर व मेडिकल चुकत नाही.

आणखी एक खर्च माहितीपत्रकात सहसा बारीक अक्षरात असतो. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायला टाइप रेटिंग वेगळे करावे लागते, त्याला आणखी काही लाख लागतात. आणि लायसन्स मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नाही, त्यात वर्ष-दोन वर्षे थांबावे लागू शकते. कर्जाचा हप्ता तेव्हा कोण भरणार, हे घरात आधीच बोलून ठेवावे.

त्या वडिलांनी प्लॉटची बोलणी सध्या थांबवली आहेत. मुलाची क्लास टू तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

— प्राचार्य