अमेरिकेंतील बंदिवानाचा एकच अर्ज

खटला संपला, वरिष्ठ कोर्टांत अपीलही फेटाळलें गेलें, म्हणजे न्यायमंदिराचें दार अपराध्यास कायमचें बंद झालें, असें सामान्यतः समजलें जातें. अमेरिकेंतील मध्यवर्ती सरकारच्या कोर्टांनीं शिक्षा दिलेल्या बंदिवानांस मात्र त्यापुढेंही एक दार किलकिलें असतें. त्याची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

पूर्वीं हें दार 'हेबिअस कॉर्पस'चें होतें. कैद्यास न्यायाधीशापुढें आणून, त्यास कोणत्या अधिकारानें कोंडलें तें सांगण्याचा हुकूम तुरुंगाधिकाऱ्यास करावयाचा, हा इंग्लंडांतून आलेला उपाय अमेरिकेच्या घटनेनेंही राखला आहे. १९३५ सालीं दक्षिण कॅरोलिनांत वीस डॉलरच्या खोट्या नोटा चालविल्याबद्दल दोन आरमारी शिपायांवर खटला झाला. त्यांस वकील नव्हता. आरोप वाचणें, चौकशी व साडेचार वर्षांची शिक्षा हें सर्व एका दिवसांत उरकलें! त्यांपैकीं जॉन्सन यानें ॲटलांटाच्या तुरुंगांतून अर्ज केला. १९३८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, आरोपीनें समजून-उमजून हक्क सोडला नसेल, तर वकिलावांचून दिलेली शिक्षा टिकावयाची नाहीं.

पुढें अशा अर्जांची गर्दी झाली. अर्ज तुरुंगाजवळच्या कोर्टांत करावा लागे, आणि कागदपत्र व साक्षीदार शेंकडों मैल दूर असत. म्हणून १९४८ च्या कायद्याच्या २२५५ व्या कलमानें, ज्या कोर्टानें शिक्षा दिली त्याच कोर्टाकडे अर्ज करण्याची रीत घातली. बहुधा तो त्याच न्यायाधीशापुढें जातो. आपल्याच निकालांतील दोष आपणच शोधावयाचा, हें कठिणच. पण खटल्याची माहितीही त्यालाच अधिक. अर्जास फी नाहीं, तसा सरकारी वकील मिळण्याचा हक्कही नाहीं.

१९९६ सालीं काँग्रेसनें हें दार फारच अरुंद केलें. शिक्षा कायम झाल्यापासून सामान्यतः एक वर्षाची मुदत. दुसरा अर्ज करावयाचा तर आधीं अपील कोर्टाची परवानगी. आणि तीही निर्दोषत्वाचा भक्कम नवा पुरावा, किंवा सर्वोच्च न्यायालयानें मागील खटल्यांसही लागू केलेला घटनाविषयक नवा नियम, असेल तरच.

वारंवार येणाऱ्या वादीचा कंटाळा आपल्या शास्त्रकारांसही होता. न्यायानें हरूनही पुन्हां येणाऱ्यास दुप्पट दंड करावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. परंतु त्याच्याच आदल्या श्लोकांत, वाईट रीतीनें पाहिलेला खटला राजानें पुन्हां पाहावा आणि सभासदांस व जिंकणाऱ्यासही दुप्पट दंड करावा, अशी आज्ञा आहे. अमेरिकन कायद्यांत पहिलें कलम आम्हांस स्पष्ट दिसतें. दुसरें शोधावें लागतें.

जोन्स नांवाच्या कैद्याची गोष्ट पाहा. पूर्वीं गुन्हा सिद्ध झालेला असतां बंदूक बाळगल्याबद्दल त्यास २७ वर्षें ३ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानें आपला एक अर्ज करून घेतला. पुढें २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच म्हटलें कीं, आपणांस शस्त्राची बंदी आहे असा आपला दर्जा आरोपीस ठाऊक होता, हेंही सरकारनें सिद्ध केलें पाहिजे. आपली जुनी शिक्षा दप्तरांतून पुसली गेली असें आपण समजत होतों, असें जोन्सचें म्हणणें होतें. पण हा नवा अर्थ कायद्याचा, घटनेचा नव्हे. सबब दुसरा अर्ज चालावयाचा नाहीं आणि हेबिअस कॉर्पसही नाहीं, असा २०२३ सालीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल झाला. त्यास आपला दर्जा ठाऊक होता कीं नव्हता, हा प्रश्न त्या अर्जावर कोणींच तपासला नाहीं.