शीड गुंडाळेना, तेव्हा मान वर करा

सदाशिव पेठेत समुद्राचा विषय काढला की माणसं थेट कान्होजी आंग्र्यांपाशी जाऊन पोचतात. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत असल्यामुळे गुराबा आणि गलबतं इथे परकी नाहीत. वाद घालायचा तर तोफांच्या संख्येवरून घालतात. वारा अचानक भरला तर त्या गलबतांवर शीड लहान कसं करत, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तिरक्या परभाणाच्या, म्हणजे शीड बांधायच्या लांब लाकडाच्या, जहाजांवर साधारण रीत अशी, की परभाण खाली घ्यायचं, मोठं शीड सोडायचं, लहान बांधायचं आणि सगळं पुन्हा वर चढवायचं. त्याला खलाशांची फौज लागे.

एकट्याने जायचं तर? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’तून ३१२ दिवस कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. आपल्याकडे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहत. एखाद्या भारतीयाने अशी परिक्रमा एकट्याने करावी, हा ध्यास त्यांचा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ तयार झाली आणि २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून, वाटेत चार बंदरांत थांबत, एकटे जग फिरून आले. ‘म्हादेई’सारख्या आजच्या नौकांवर पुढचं शीड उतरवत बसत नाहीत, पुढच्या तारेभोवती गुंडाळतात. ते काम करणारं यंत्र म्हणजे रोलर फर्लर. छोट्या हौशी बोटींवरही हल्ली तेच असतं.

रचना खिडकीवरच्या चिकाच्या पडद्यासारखी, फक्त उभी. डोलकाठीच्या वरच्या भागापासून नाळेपर्यंत ताणलेल्या तारेवर, म्हणजे फोरस्टेवर, अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी चढवलेली असते. शिडाची पुढची कड तिच्या खाचेत बसते. तळाशी ड्रम. त्यावरचा दोर मागे कॉकपिटमध्ये येतो, तो ओढला की पट्टी फिरते आणि शीड गुंडाळलं जातं. वरच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे फिरती जोडणी, असते. त्याचा खालचा अर्धा भाग शिडाबरोबर फिरतो. वरच्या अर्ध्याला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढून धरणारा दोर, बांधलेला असतो आणि तो भाग स्थिर राहायला हवा.

गोम इथेच आहे. दोर अडला की माणूस ड्रमकडे बघतो, कारण ड्रम डोळ्यांसमोर असतो. पण हॅलयार्ड डोलकाठीतून बाहेर पडून फोरस्टेला जवळजवळ समांतरच स्विव्हलपर्यंत येत असेल, तर स्विव्हल त्यालाही सोबत फिरवतं आणि दोर तारेभोवती पिळला जातो. दोन-तीन वेढे पडले की सगळं ठप्प. दोघांमध्ये आठ-दहा अंशांचा तरी कोन हवा. तो मिळत नसेल तर डोलकाठीवर हॅलयार्डला मागे खेचून धरणारी कडी बसवतात. शीड उंचीला कमी असेल तर स्विव्हल फार खाली राहतं आणि तीच अडचण येते. मग शिडाच्या वरच्या टोकाला दोरीचा तुकडा जोडून स्विव्हल उंच न्यावं लागतं. हे खालून दुर्बिणीने दिसतं. दुर्बीण न घेता भांडायला बसणारे पुष्कळ.

अशा वेळी दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवर, घेऊन जोर लावणं हा सर्वांत महागडा उपाय. हॅलयार्डचा पीळ फोरस्टेवर येतो, तारेचे पदर उलगडतात, आणि तीच तार डोलकाठीला पुढून धरून असते. ती तुटली तर काठी मागे कोसळू शकते. म्हणून हाताला नेहमीपेक्षा जड लागलं की थांबायचं, थोडं उलट फिरवून बघायचं. हॅलयार्ड अतिताणलेला असेल तर किंचित सैल करायचा. पुष्कळदा तेवढ्यानेच सुटतं.

ड्रम अगदीच निर्दोष असतो असंही नाही. शीड उघडताना त्याचा दोर मोकळा सोडून दिला तर तो सैल वेढ्यांनी भरतो आणि एक वेढा दुसऱ्याखाली रुततो. म्हणून उघडतानाही हाताने थोडा ताण ठेवायचा. दोर ड्रममध्ये काटकोनात शिरायला हवा, नाहीतर एकाच बाजूला साचतो. मिठाने बेअरिंग जाम होतात. पुष्कळ फर्लरना गोड्या पाण्याने धुणं एवढंच पथ्य असतं, ग्रीस भरलं तर त्यात वाळू आणि मीठ चिकटून बसतं.

आमच्या खडकवासल्याच्या पाण्यात मीठ नाही, आणि तिथल्या लहान शिडाच्या होड्यांवर पुढचं शीड सरळ खाली ओढता येतं. फर्लरचं दुखणं तिथे फारसं पोचत नाही.

समुद्रात वारा वाढत असताना शीड अर्धवट अडकलं तर बोट वाऱ्याबरोबर वळवायची, म्हणजे पुढचं शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला येतं आणि दोरावरचा भार उतरतो. तरीही हलेना, पण पूर्ण उघडता येत असेल, तर उघडून खाली उतरवायचं. तेही जमेना, तर वारा जरा पडल्यावर शीट, म्हणजे शिडाचं मागचं टोक धरणारा दोर, सैल सोडून इंजिनावर बोट गोल गोल फिरवतात, आणि मोकळं शीड आपोआप तारेभोवती गुंडाळलं जातं. वर मोकळा हॅलयार्ड असेल तर तो शिडाभोवती वेढून घट्ट बांधायचा. बंदराजवळ हा प्रकार चालला असेल तर धक्क्यावरच्या मंडळींना सल्ले द्यायला आयतीच संधी मिळते.